२,१५० पासून मोजलेली मतं: पेटीएमच्या शेअरचं प्रकरण

१८ नोव्हेंबर २०२१, गुरुवार. वन९७ कम्युनिकेशन्स, म्हणजे पेटीएम चालवणारी कंपनी, बाजारात दाखल झाली. आयपीओत, म्हणजे पहिल्या जाहीर शेअरविक्रीत, २,१५० रुपयांना दिलेला शेअर राष्ट्रीय शेअर बाजारात (एनएसई) १,९५० ला उघडला आणि दिवस संपताना २७ टक्के घसरून १,५६० च्या आसपास बंद झाला. दुसऱ्या दिवशी गुरुनानक जयंती, पुढे शनिवार-रविवार. बाजार सलग तीन दिवस बंद. ज्यांच्या डीमॅट खात्यात हे शेअर आले होते त्यांना विकताही येत नव्हते आणि नवे घेताही येत नव्हते. बोलता मात्र येत होतं, आणि लोक भरपूर बोलले. सोमवारी, २२ तारखेला, बाजार उघडला तेव्हा भाव आणखी १३ टक्क्यांच्या जवळपास पडला.

मला या प्रकरणात रस आहे तो त्या बोलण्यामुळे. छोटे गुंतवणूकदार एखाद्या टेक शेअरबद्दल एकमेकांना काय सांगतात, त्यातलं काय खरं ठरतं आणि काय कोणाच्या बोलण्यातच येत नाही, हे या एका शेअरवर चार वर्षं सलग पाहता येतं. माझं म्हणणं एवढंच आहे: बहुतेक मतं २,१५० या आकड्यापासून मोजलेली होती, आणि कंपनीचं भवितव्य ठरत होतं ते रिझर्व्ह बँकेच्या परवान्यांवर. त्याबद्दल बोलणारे फार थोडे होते.

अर्ज भरताना

तेव्हाचं वातावरण आठवायला हवं. जुलै २०२१ मध्ये झोमॅटो ७६ रुपयांना येऊन पहिल्याच दिवशी ६० टक्क्यांहून जास्त वर गेला होता. पेटीएमचा आयपीओ ८ नोव्हेंबरला उघडला आणि १० तारखेला बंद झाला. नेमकी त्याच १० तारखेला सौंदर्यप्रसाधनं विकणारी नायका लिस्ट झाली, म्हणजे तिच्या शेअरची बाजारात खरेदी-विक्री सुरू झाली. १,१२५ चा शेअर दिवसभरात जवळजवळ दुप्पट झाला. अर्जाची मुदत संपायला काही तास उरलेले असताना डोळ्यांसमोर असं उदाहरण असेल, तर कोण कंपनीचं माहितीपत्रक (प्रॉस्पेक्टस) वाचत बसणार?

पेटीएमचा आयपीओ १८,३०० कोटींचा होता. २०१० च्या कोल इंडियाला मागे टाकणारा, तोवरचा देशातला सर्वांत मोठा. त्यातले १०,००० कोटी जुन्या भागधारकांना मिळणार होते, कंपनीच्या तिजोरीत येणार होते ८,३०० कोटी. एक लॉट, म्हणजे अर्जातली शेअरची किमान संख्या, सहाचा होता, म्हणजे किमान १२,९०० रुपये. कंपनी तोट्यात असल्याने नियमानुसार ७५ टक्के भाग मोठ्या संस्थांसाठी राखून ठेवला होता, किरकोळ गुंतवणूकदारांच्या वाट्याला फक्त १० टक्के. तो भाग १.६६ पट भरला, म्हणजे होते त्याहून जास्त शेअरसाठी अर्ज आले.

अर्जांच्या त्याच तक्त्यातला दुसरा आकडा माझ्या मते जास्त बोलका होता. श्रीमंत वैयक्तिक गुंतवणूकदारांचा भाग फक्त २४ टक्के भरला. ही मंडळी बऱ्याचदा व्याजाने पैसे उचलून अर्ज करतात आणि लिस्टिंगच्या दिवशी विकून मोकळी होतात. त्यांना पहिल्या दिवशी नफा दिसत नव्हता. ही माहिती कोणापासून लपलेली नव्हती, शेअर बाजाराच्या संकेतस्थळांवर दर काही तासांनी ताजी होत होती. तरीही अर्ज भरणाऱ्यांच्या तोंडी वाक्य एकच होतं: एवढी मोठी कंपनी आहे, लिस्टिंगला काहीतरी मिळेलच.

हे मत चुकीचं होतं असं मी म्हणत नाही, कारण ते कंपनीबद्दलचं मत नव्हतंच. इतर लोक किती उत्साही असतील याचा तो अंदाज होता. पुढे गोंधळ झाला तो इथे. लिस्टिंगच्या नफ्यासाठी केलेला अर्ज १८ तारखेच्या दुपारी ‘लाँग टर्मसाठी घेतलाय’ झाला, आणि त्या दोन भूमिकांच्या मध्ये कोणीही कंपनीचा ताळेबंद उघडला नव्हता.

दुकानातला क्यूआर आणि कंपनीची कमाई

सगळ्यांत जास्त ऐकू येणारं मत असं होतं: बाहेर बघा, प्रत्येक दुकानात पेटीएम आहे. भाजीवाल्याकडे, रिक्षावाल्याकडे, देवळाच्या दानपेटीवरसुद्धा. ते खरंही होतं. नोटाबंदीच्या वेळी ‘पेटीएम करो’ घरोघरी पोचलं होतं, आणि किती रुपये जमा झाले हे मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स या कंपनीने दुकानदाराच्या गल्ल्याशेजारी नेऊन ठेवला होता.

आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्यावर विश्वास ठेवणं ही छोट्या गुंतवणूकदाराची ताकद असते. मुंबईतल्या कार्यालयात बसलेल्या विश्लेषकाला सांगली-कोल्हापूरच्या बाजारपेठेत काय चाललंय ते इतक्या जवळून दिसत नाही. पण इथे दिसत होता तो वापर, कमाई नव्हे. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. दुकानदाराने शंभर रुपये घेतले काय किंवा दहा हजार, त्या व्यवहारातून कंपनीला थेट मिळत काही नाही. साउंडबॉक्सचं महिन्याचं भाडं मिळायचं, वॉलेट आणि कार्डांच्या व्यवहारांवर शुल्क मिळायचं, आणि खरी आशा होती ती या ग्राहकांना नि दुकानदारांना दुसऱ्या वित्तसंस्थांची कर्जं मिळवून देण्यातून सुटणाऱ्या कमिशनची. यूपीआयच्या व्यवहारांतही पेटीएम फोनपे आणि गुगल पेच्या मागे, तिसऱ्या क्रमांकावर होती.

आकडे बघा. २०२०-२१ मध्ये कंपनीचं व्यवसायातून आलेलं उत्पन्न २,८०२ कोटी रुपये आणि तोटा १,७०१ कोटी. २,१५० रुपये भावाने कंपनीची किंमत होत होती सुमारे १.३९ लाख कोटी, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाच्या जवळजवळ ५० पट. नफ्याच्या नव्हे, उत्पन्नाच्या. पुढेही तोटा होत राहण्याची शक्यता आहे, हे कंपनीने प्रॉस्पेक्टसमध्ये स्वतःच लिहिलं होतं.

लिस्टिंगच्या दिवशीच मॅक्वायरी या दलाली पेढीचा अहवाल आला. लक्ष्यभाव, म्हणजे शेअर पुढे जिथे जाईल असा पेढीचा अंदाज, १,२०० रुपये. त्यावरून छोटे गुंतवणूकदार चिडले. परदेशी संस्थांना स्वस्तात शेअर हवेत म्हणून भाव पाडतायत, हे मत त्या तीन बंद दिवसांत फार पसरलं. अहवालात मात्र नफ्याच्या प्रश्नासोबत आणखी एक मुद्दा होता: कंपनीत चिनी गुंतवणूकदारांचा मोठा हिस्सा असल्यामुळे बँकिंगचा मोठा परवाना मिळणं अवघड जाईल. १,२०० हा आकडा सगळीकडे फिरला, परवान्याचा मुद्दा फिरला नाही. या संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे.

ॲव्हरेज

भाव पडल्यावर चर्चा वळली ‘ॲव्हरेज कुठे करायचं’ याकडे, म्हणजे पडलेल्या भावात आणखी शेअर घेऊन खरेदीची सरासरी किंमत कुठे खाली आणायची. कागदावर हिशोब मांडू. समजा एका गुंतवणूकदाराला आयपीओत एक लॉट लागला: सहा शेअर, १२,९०० रुपये. जानेवारी २०२२ मध्ये भाव १,००० च्या आसपास आल्यावर त्याने आणखी सहा घेतले, ६,००० रुपये. मार्चमध्ये ६०० च्या घरात बारा घेतले, ७,२०० रुपये. आता त्याच्याकडे २४ शेअर, गुंतवणूक २६,१०० आणि सरासरी १,०८७ रुपये ५० पैसे.

सरासरी २,१५० वरून निम्म्यावर आली म्हणून त्याला बरं वाटलं. पण ज्या कंपनीबद्दल त्याचा सुरुवातीचा अंदाज चुकला होता, तिच्यात त्याची रक्कम दुप्पट झाली होती. मे २०२४ मध्ये भाव ३१० ला टेकला, तेव्हा फक्त सहा शेअर धरून बसलेल्याचा कागदावरचा तोटा ११,०४० रुपये होता आणि आपल्या या गुंतवणूकदाराचा १८,६६०.

ॲव्हरेज करूच नये, असं मी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की दुसऱ्यांदा घेताना त्याच्याकडे नवीन माहिती काय होती. एप्रिल २०२२ मध्ये संस्थापक विजय शेखर शर्मा यांनी भागधारकांना पत्र लिहून सांगितलं की कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरचा खर्च वगळता सप्टेंबर २०२३ च्या तिमाहीपर्यंत कंपनी कामकाजाच्या पातळीवर तोट्यातून बाहेर येईल. डिसेंबर २०२२ च्या तिमाहीतच तिने ते साध्य केलं. हे पाहून फेब्रुवारी २०२३ मध्ये कोणी शेअर घेतले असतील, तर त्या खरेदीला कारण होतं. ‘तो खर्च का वगळायचा?’ हा प्रश्नही रास्त होता, आणि त्यावर गुंतवणूकदारांमध्ये चांगली, मुद्द्याला धरून भांडणं झाली. पण ६०० ला घेतले ‘कारण २,१५० चा शेअर ६०० ला मिळतोय’, ही वेगळी गोष्ट. त्यात कंपनीबद्दल एकही शब्द नाही.

दुसऱ्याच्या नावावर टेकणंही याच काळात वाढलं. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने २०१८ मध्ये या कंपनीत पैसे घातले होते. ‘बफे आहेत, मग आपण का घाबरायचं’ हे वाक्य सांत्वनासारखं वापरलं गेलं. २४ नोव्हेंबर २०२३ ला बर्कशायरने सुमारे ८७७ रुपयांनी आपले सगळे शेअर तोट्यात विकले. बफेंमुळे थांबलेल्यांपैकी अनेकांनी त्या दिवशी दुसरं कारण शोधलं: परदेशी माणसाला भारत कळत नाही.

परवाना

आता ज्यावर बोलणं कमी झालं त्याकडे येतो, आणि इथे तारखा क्रमाने पाहायला हव्यात.

पेटीएमचं वॉलेट, फास्टॅग, बचत खाती आणि यूपीआयचा @पेटीएम पत्ता हे सगळं पेटीएम पेमेंट्स बँकेकडे होतं. पेमेंट्स बँक म्हणजे ठेवी घेणारी, पण स्वतः कर्ज न देणारी बँक. या बँकेत वन९७ चा हिस्सा ४९ टक्के आणि विजय शेखर शर्मा यांचा ५१ टक्के. म्हणजे शेअर बाजारात विकली गेलेली कंपनी ज्या खांबावर उभी होती तो तिच्या पूर्ण मालकीचाही नव्हता, आणि त्यावर देखरेख होती थेट रिझर्व्ह बँकेची. २०१८ मध्येच या बँकेला काही महिने नवे ग्राहक घेणं थांबवावं लागलं होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये, आयपीओ उघडण्याच्या तीनेक आठवडे आधी, चुकीची माहिती दिल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने तिला एक कोटीचा दंड जाहीर केला. रक्कम किरकोळ. दंडाचं कारण किरकोळ नव्हतं.

११ मार्च २०२२ ला रिझर्व्ह बँकेने या बँकेला नवे ग्राहक घेण्यास मनाई केली आणि बाहेरच्या ऑडिट संस्थेकडून संगणक यंत्रणेची संपूर्ण तपासणी करून घ्यायला सांगितलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन व्यापाऱ्यांसाठी लागणाऱ्या पेमेंट ॲग्रिगेटर परवान्याचा अर्ज परत आला आणि नवे ऑनलाइन व्यापारी जोडणं बंद झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये केवायसीतल्या त्रुटींसह इतर उल्लंघनांबद्दल ५.३९ कोटींचा दंड. नोव्हेंबरमध्ये विनातारण ग्राहककर्जांचे नियम सगळ्यांसाठीच कडक झाले, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेटीएमने ५० हजारांखालची कर्जं कमी करत असल्याचं सांगितल्यावर शेअर एका दिवसात १८ टक्क्यांहून जास्त पडला.

यातली प्रत्येक बातमी मराठी वर्तमानपत्रांतही आली होती. सुटी वाचली तर प्रत्येक वेळी ‘छोटा दंड, होऊन जाईल’ असंच वाटतं. एका ओळीत ठेवली तर दिसतं की नियामक सहा वर्षं त्याच बँकेला पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. छोट्या गुंतवणूकदाराला हे जमणारं काम आहे. त्यासाठी ना महागडं सॉफ्टवेअर लागतं ना कंपनीच्या बैठकांना प्रवेश. एक वही लागते.

३१ जानेवारी २०२४, बुधवार, संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी अंतरिम अर्थसंकल्प. मार्च २०२२ मध्ये सांगितलेल्या त्या तपासणीचा अहवाल आणि बाहेरच्या लेखापरीक्षकांचे निष्कर्ष यांचा आधार देऊन रिझर्व्ह बँकेने आदेश काढला: २९ फेब्रुवारीनंतर या बँकेच्या खात्यांत, वॉलेटमध्ये, फास्टॅगमध्ये नवे पैसे भरता येणार नाहीत. ही मुदत पुढे १५ मार्चपर्यंत वाढली. शेअर त्या दिवशी ७६१ ला बंद झाला होता. १ फेब्रुवारीला २० टक्के खाली लोअर सर्किट (एका दिवसात भाव पडायची ठरलेली मर्यादा), २ तारखेला पुन्हा २० टक्के. मग शेअर बाजारांनी मर्यादा १० टक्क्यांवर आणली, आणि सोमवारी तीही लागली. तीन सत्रांत ७६१ चे ४३८.

लोअर सर्किट म्हणजे काय हे ज्यांनी अनुभवलं नव्हतं त्यांना त्या आठवड्यात कळलं. विकायला लाखो शेअर रांगेत आणि समोर घेणारा नाही. ‘ठरावीक भावाला स्टॉप लॉस (भाव तिथे आला की शेअर विकायची आधीच दिलेली सूचना) लावून ठेवलाय’ या मताचा इथे काही उपयोग झाला नाही, कारण त्या भावाला सौदाच होत नव्हता.

मतं तेव्हाही आली. बँक वेगळी, कंपनी वेगळी. ४९ टक्केच तर हिस्सा आहे. कंपनीने स्वतः सांगितलं की वाईटात वाईट धरलं तर वर्षाच्या कामकाजी नफ्यावर ३०० ते ५०० कोटींचा परिणाम होईल. २ फेब्रुवारीला मॉर्गन स्टॅन्लेने ४८७ रुपयांच्या आसपास सुमारे २४४ कोटींचे शेअर घेतल्याची बातमी आली, आणि बफेंच्या जागी हे नवं नाव बसलं. पण त्याच दिवसांत काही शांत डोक्याचे लोक योग्य प्रश्न विचारत होते: @पेटीएम पत्ते दुसऱ्या बँकांकडे जाऊ शकतील का, दुकानदारांची खाती कोण सांभाळेल, कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था थांबतील का? पुढे भाव हलला तो याच प्रश्नांच्या उत्तरांवर. १४ मार्चला यूपीआयचं जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयने पेटीएमला इतर बँकांच्या आधारे यूपीआय चालवायची परवानगी दिली: ॲक्सिस, एचडीएफसी, स्टेट बँक आणि येस बँक. धंदा वाचला, पण लचका मोठा तुटला होता. जून २०२४ च्या तिमाहीत तोटा ८४० कोटींच्या आसपास गेला.

मत लिहायचं तर कसं

नोव्हेंबर २०२१ मध्ये एखाद्याने असं लिहिलं असतं तर ते मला उपयोगी पडलं असतं:

“शेअर घेतला आहे, कारण कर्ज मिळवून देण्याचं कमिशन झपाट्याने वाढेल असं मला वाटतं. दर तिमाहीला तोच आकडा बघणार. यूपीआयच्या व्यवहारसंख्येकडे लक्ष देणार नाही, त्यातून पैसा येत नाही. सगळ्यांत मोठा धोका पेमेंट्स बँकेचा. रिझर्व्ह बँकेने नवे ग्राहक घ्यायला मनाई केली तर भाव कितीही असो, निम्मे विकीन. एकूण गुंतवणुकीच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त यात घालणार नाही.”

यात भाकीत नाही. पण चार महिन्यांनी, ११ मार्च २०२२ ला, या माणसाला काय करायचं ते आधीच ठाऊक असतं. दुसऱ्या कोणाला हे मत पटलं नाही तर नेमकं कुठे पटलं नाही हे सांगता येतं. ‘२,१५० परत येणार’ या वाक्याशी असा वाद घालता येत नाही, त्यावर फक्त हो किंवा नाही म्हणता येतं.

आपले किती शेअर आहेत आणि कोणत्या भावाचे, हेही मतासोबत सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. ज्याचे दोनशे शेअर तोट्यात अडकलेत त्याचं ‘धरून ठेवा’ आणि ज्याच्याकडे एकही नाही त्याचं ‘धरून ठेवा’ यांचं वजन सारखं नाही. मित्रमंडळींत मत सांगायला कायद्याची आडकाठी नाही. पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर सेबीची, म्हणजे बाजाराच्या नियामकाची, नोंदणी लागते. ऑगस्ट २०२४ पासून नोंदणीकृत दलाल आणि सल्लागारांना विनानोंदणी सल्ला देणाऱ्यांशी संबंध ठेवायला बंदी आहे, आणि जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने शिकवण्याच्या नावाखाली गेल्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरायला मनाई केली. हे नियम यायला हवेच होते.

२०२५ पर्यंत

ऑगस्ट २०२४ मध्ये पेटीएमने चित्रपट आणि कार्यक्रमांच्या तिकिटांचा धंदा झोमॅटोला २,०४८ कोटींना विकला. त्या एकवेळच्या नफ्यामुळे सप्टेंबरची तिमाही फायद्यात दिसली. असा आधार न घेता निव्वळ नफा झाला तो एप्रिल-जून २०२५ मध्ये, १२२.५ कोटी. ऑगस्टच्या सुरुवातीला चिनी अँट समूहाच्या कंपनीने आपला उरलेला हिस्सा विकला, आणि काही दिवसांतच रिझर्व्ह बँकेने पेमेंट ॲग्रिगेटरच्या परवान्याला तत्त्वतः मंजुरी दिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये परत आलेला तोच अर्ज. मंजुरीच्या बातमीने भाव वर गेला.

त्या महिन्यात शेअरने १,१०० पार केले. कागदावरच्या त्या गुंतवणूकदाराचे २४ शेअर १,१०० ने विकले असते तर २६,४०० रुपये आले असते, म्हणजे ३०० रुपये नफा, दलाली आणि कर सोडून. फक्त सहा शेअर धरून बसलेल्याचे १२,९०० चे ६,६०० झाले होते. तेच १२,९०० नोव्हेंबर २०२१ मध्ये साडेपाच टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले असते, तर साध्या व्याजानेही तोवर साडेपंधरा हजार झाले असते. ॲव्हरेज करणारा म्हणेल, बघा, मुद्दल सुटलं. त्याचं खरं आहे. मी त्याला विचारीन की ३१० च्या दिवशी त्याने शेअर कोणत्या कारणाने धरून ठेवले होते, आणि ते कारण त्याने तेव्हा कुठे लिहून ठेवलं होतं का.